आरसेमहालातली हाक

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राजाच्या राज्यात ती घडली त्याचे नावही आता कोणाच्या ओठी नाही. राजे विसरले जातात. एखादी गोष्ट मात्र मागे राहते.

त्या राज्यातल्या एका गावात एक तांबट राहत होता. तांब्याचा पत्रा ठोकून तो हंडे, घागरी, घंगाळी घडवी. सकाळ झाली की त्याच्या हातोडीचा आवाज गल्लीभर घुमे. त्याला बायको होती आणि दोन जुळ्या मुली होत्या. बारशाला मुलींची चांगली नावे ठेवली होती. पण अर्ध्या घटकेने आधी जन्मलेलीला सगळे थोरली म्हणू लागले, मागून आलेलीला धाकटी, आणि तीच नावे कायम झाली.

दोघी दिसायला सारख्या होत्या. पण त्यात एक गंमत होती. थोरलीच्या डाव्या डोळ्याखाली तीळ होता, धाकटीच्या उजव्या. थोरली डावखुरी होती, धाकटी सगळे उजव्या हाताने करी. तांबट लोकांना सांगे, "देवाने एकच घडवली होती. मग तिला आरसा दाखवला, आणि आरशातली म्हणाली, मीही येते."

जेवायला दोघी शेजारी बसत. थोरली डावीकडे, धाकटी उजवीकडे. थोरलीचा डावा हात ताटात असे, धाकटीचा उजवा. मधले दोन हात मोकळे राहत. ते हात त्या एकमेकांत गुंफून ठेवत आणि तशाच जेवत. शेजारणी नावे ठेवत. पोरीला डाव्या हाताने कसली जेवू देतेस, असे आईला विचारत.

आई म्हणे, "तिचा उजवा हात कामात आहे."

एका वर्षी गावात तापाची साथ आली. दोघी एकदमच आजारी पडल्या. धाकटीचा ताप जास्त होता. ती बरळत होती, कोणाला ओळखत नव्हती. म्हणून आई तिच्या उशाशी बसून राहिली. थोरली पलीकडच्या खोलीत होती. तिचा ताप उताराला लागला होता. वैद्यानेही तसेच सांगितले होते.

दुपारी थोरलीने आईला हाक मारली. आई तिथूनच म्हणाली, "आले हं." तिने धाकटीच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली, तिला घोटभर पाणी पाजले आणि मग ती उठली. ती पलीकडे गेली तेव्हा थोरली भिंतीकडे तोंड करून निजली होती. आईने तिचे पांघरूण सारखे केले. पांघरूण सारखे करतानाच तिच्या लक्षात आले, की ही झोप नाही.

धाकटी बरी झाली.

आई पुन्हा कामाला लागली. स्वयंपाक करी, अंगण सारवी, धाकटीची वेणी घाली. लोक म्हणाले, बाई धीराची आहे. फक्त एक झाले. तिच्या तोंडून दोन्ही मुलींची नावे गेली. थोरली म्हणून हाक मारावी, तर ओ द्यायला कोणी नव्हते. धाकटी म्हणावे, तर थोरलीची जागा रिकामी दिसे. म्हणून ती मुलीला नुसते अगं म्हणे. अगं, जेवायला ये. अगं, दार लोटून घे. वेणी घालायला ती मुलीच्या मागे बसे, आणि वेणी झाली की तिचे तोंड आपल्याकडे वळण्याआधीच उठून जाई.

मुलांना सांगितलेले कळत नाही असे मोठ्यांना वाटते. त्यांना न सांगितलेलेही कळते. धाकटी हट्ट करीनाशी झाली. काही मागेनाशी झाली. जेवायला बसली की डावा हात, तळवा वर करून, शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवी आणि उजव्या हाताने मुकाट्याने जेवी.

वर्ष सरत आले. राजधानीतल्या एका देवळासाठी तांबटाने मोठा हंडा घडवला होता. तो पोचवायला जाताना बायकोला आणि मुलीला बरोबर न्यायचे त्याने ठरवले. शहर पाहतील, चार माणसांत वावरतील, एखादवेळ हसतीलही. बायको नको म्हणाली. तो म्हणाला, एवढ्या लांबच्या वाटेत हंडा एकटा कंटाळेल. बायकोने हे ऐकून न ऐकल्यासारखे केले, पण गाडीत बसली.

हंडा देवळात पोचला. मग तिघे शहर पाहायला निघाले. पाहण्यासारखे पुष्कळ होते. भल्यामोठ्या पोटाचा दगडी हत्ती होता. त्याच्या पोटाखालून वाकून पलीकडे गेले की मनातली इच्छा पुरी होते म्हणत. धाकटी गेली. इच्छा काय धरली, ते तिने सांगितले नाही. पुढे तळे होते, तळ्यात हंस होते. राजाच्या बागेत पिंजऱ्याबाहेर मोर हिंडत होते. तांबट प्रत्येक ठिकाणी उभा राहून बोट दाखवी. धाकटी म्हणे, छान आहे, आणि आईच्या तोंडाकडे पाही. आधी आईला छान वाटायला हवे होते, मग तिला वाटणार होते.

दुपार कलताना ते आरसेमहालापाशी आले.

हा महाल एका जुन्या राजाने आपल्या मुलांना खेळायला बांधला होता. बाहेरून तो साधा, चुन्याने पांढरा केलेला होता. आत मात्र भिंतींच्या जागी माणसापेक्षा उंच आरसे होते, वळणे घेत घेत उभे केलेले. वरच्या झरोक्यांतून ऊन उतरे. खरी वाट कुठली आणि काचेतली वाट कुठली, हे कोणालाच कळत नसे. राजाची मुले मोठी झाली, तेव्हा महाल रयतेला खुला झाला. तेव्हापासून लोक लेकराबाळांना घेऊन येत, आत शिरत, काचेवर नाक आपटून घेत आणि हसत बाहेर पडत.

दाराशी एक फटकळ म्हातारा द्वारपाल होता. येणाऱ्या प्रत्येकाला तो तिथली रीत सांगे. आत जाताना सगळ्यांनी हात धरून एकत्र जायचे. बाहेर येताना मात्र एकेकट्याने. घरातला जो कोणी आधी बाहेर पडेल, त्याने दाराशी उभे राहून मागच्याला नाव घेऊन हाक मारायची. मागच्याने डोळे मिटायचे, हात पुढे धरायचे आणि हाकेच्या रोखाने चालत यायचे. डोळे उघडे ठेवून या महालातून कोणी लवकर सुटलेला नाही, असे तो म्हणाला.

"आणि नाव घ्यायचं, बरं का," त्याने तांबटाला बजावले. "अहो आणि अगं इथे चालत नाही. परवा एकाने अगं म्हणून हाक दिली, तर भलत्याच चार बायका डोळे मिटून बाहेर आल्या. त्याची आतच."

रांगेतली माणसे हसली. तांबटही हसला. आईने मुलीचा हात धरला आणि तिघे आत गेले.

आत मोठी मौज चालली होती. एक जाडजूड सावकार समोरून येणाऱ्या जाडजूड माणसाला वाट द्यायला बाजूला सरला. तोही सरला. दोघे बराच वेळ एकमेकांचा मान राखत उभे होते. एका नव्या नवरीने काचेतल्या सासूला वाकून नमस्कार केला. खरी सासू मागून म्हणाली, "मी इकडे आहे गं. असू दे, पोचला." तांबटाने आपले पागोटे काचेवर आपटून घेतले, ते थोडे मुद्दामच. धाकटीला हसू आले, आणि सवयीप्रमाणे तिने आईकडे पाहिले.

आई समोर पाहत होती.

वर्षभर तिने मुलीला समोरून नीट पाहिले नव्हते. आता पाहिले, तेही काचेत. काचेतल्या मुलीच्या डाव्या डोळ्याखाली तीळ होता. धाकटीने उजव्या हाताने कपाळावरची बट मागे सारली. काचेतल्या मुलीने ती डाव्या हाताने सारली.

"थोरले," आई म्हणाली.

तांबट पुढच्या वळणावर गेला होता. त्याने ऐकले नाही. धाकटीने ऐकले. आईचा हा आवाज थोरली असताना घरात असे, ते तिला आठवले. आईच्या तोंडावर हसू होते.

"पुन्हा कर," आई म्हणाली.

धाकटीने पुन्हा केले. मग हात हलवला. मग वेणी पुढे घेतली. मग घास घेतल्यासारखा हात तोंडाशी नेला, आणि काचेतली मुलगी डाव्या हाताने जेवली. आई काचेच्या अगदी जवळ गेली. तिला दोन्ही तळवे काचेवर ठेवायचे होते. त्यासाठी तिने धाकटीचा हात सोडला.

मग ती काचेशी हलक्या आवाजात बोलू लागली. सगळे काही धाकटीला ऐकू आले नाही. एवढेच आले. "तू हाक मारलीस तेव्हा मी येतच होते गं."

बाहेरून तांबटाची हाक आली. लग्नातल्या उखाण्यानंतर त्याने बायकोचे नाव घेतले नव्हते. ते घ्यायला जड गेले असावे, कारण हाक उगीचच मोठी आली. आई दचकली. रीत ती रीत. तिने डोळे मिटले, हात पुढे धरले आणि नवऱ्याच्या आवाजाच्या रोखाने चालत बाहेर आली.

आता मुलीला हाक मार, असे तांबट म्हणाला. आईने तोंड उघडले. वर्षभराच्या सवयीचा शब्द ओठांवर आला, आणि द्वारपालाने बोट वर केले.

"नाव," तो म्हणाला.

आईने हाक मारली, "थोरले."

तांबटाने मान खाली घातली. आतून कोणी आले नाही. आईने पुन्हा तीच हाक मारली, आधीपेक्षा मोठ्याने. इतर लोक आपापल्या माणसांना बोलावत होते. एक आजोबा आले, एक नवरी आली, पाठोपाठ तिची सासू आली. धाकटी आली नाही.

ऊन उतरू लागले. ऊन गेले की आत काहीच दिसत नाही, म्हणून त्याआधी महाल रिकामा करण्याची रीत होती. द्वारपालाने दोन सेवकांना आत धाडले. ते परत आले. मुलगी सगळीकडे दिसते, पण हाताला लागत नाही, जवळ गेले की सरकते, असे त्यांनी सांगितले. आई आत धावणार, तोच द्वारपाल आडवा आला. ती आत गेली तर बाहेरून आईची हाक कोण मारणार, असे त्याने विचारले.

मग तांबटाने हाक मारली. "धाकटे, ये गं बाय."

आतून आवाज आला. लांबून, पण स्पष्ट. "बाबा, हाक मला नाही. आईने थोरलीला बोलावलंय."

"थोरली तिथे नाही, बाळ."

"आहे. आईने पाहिली. आई हसली."

आतला आवाज पुढे म्हणाला, "मी तिच्याकडे चालत गेले, आई. तीही माझ्याकडे चालत आली. पण मध्ये काच आहे. एकीने आत राहिलं, तरच दुसरीला बाहेर येता येत असेल. मी राहते."

आईने दाराची चौकट धरली.

"तापात तू माझ्याजवळ बसली होतीस," मुलगी म्हणाली. "आता तिची पाळी."

आई उंबऱ्यावर बसली. तिथून आतले आरसे दिसत होते, आणि त्यांत मुली दिसत होत्या. कितीतरी. कोणाचा तीळ डावीकडे होता, कोणाचा उजवीकडे. काचेतली काचेत पडत पडत लांबपर्यंत थोरल्या आणि धाकट्या उभ्या होत्या. त्यांतली एकच दमली होती. एकीलाच तहान लागली होती. ती कोणती, हे कोणत्याच आरशावरून कळत नव्हते. झरोक्यातले ऊन काचेवरून वर वर चढत चालले होते, आणि खालच्या मुली एकेक करून काळ्या पडत होत्या.

"अगं," आई म्हणाली, आणि थांबली. मग तिने वर्षभर न काढलेले शब्द काढले. "थोरली आत नाही. थोरली गेली. तिने मला हाक मारली होती आणि मी वेळेवर पोचले नाही. यात तू काही केलेलं नाहीस."

"मग तू माझ्याकडे बघत का नाहीस?"

"तुझ्याकडे बघितलं की ती दिसते."

मुलगी म्हणाली, "आज दिसली तेव्हा तर बघत होतीस."



"चुकले मी," आई म्हणाली. "धाकटे, ये. मी तुला बोलावते आहे."

"मला?"

"तुला."

"मग ती एकटी राहील."

"तिथे कोणी नाही, बाळ. तिथे काच आहे. जी आहे ती तू आहेस. धाकटे, ये."

मग पावले वाजली. धाकटी शेवटच्या वळणावरून आली ती डोळे मिटून, दोन्ही हात पुढे धरून, पायाने जमीन चाचपत. गाल ओले होते. एकदा ती काचेला थडकली, थांबली. आईने पुन्हा नाव घेतले. ती पुन्हा चालू लागली. आईने उंबऱ्यातूनच वाकून तिचा डावा हात आपल्या उजव्या हातात घेतला.

"उघडू डोळे?" मुलीने विचारले.

आई तिच्या समोर बसली, तोंडासमोर तोंड येईल अशी. मग म्हणाली, "उघड." मुलीने डोळे उघडले. तीळ उजव्या डोळ्याखाली होता. आईने नजर वळवली नाही. किती त्रास होत होता ते तांबटाला दिसत होते, पण तिने वळवली नाही.

द्वारपालाने महालाचे दार लोटले. रोज तो शेवटच्या माणसाला काहीतरी टोमणा मारून निरोप देई. त्या दिवशी त्याने धाकटीला तांब्याभर पाणी आणून दिले.

तिघे गावी परतले. त्या दिवसापासून आई जेवायला धाकटीच्या डावीकडे बसू लागली. उजव्या हातात मुलीचा डावा हात धरी आणि आपण डाव्या हाताने जेवी. सवय नव्हती. घास सांडत, आमटी ओघळे. शेजारणी पुन्हा नावे ठेवू लागल्या. एवढी मोठी बाई डाव्या हाताने जेवते, असे म्हणू लागल्या.

आई म्हणे, "उजवा हात कामात आहे."

मुलगी हळूहळू हट्ट करायला शिकली. एकदा तिने हिरवा परकर मागितला, तेव्हा तांबट दुकानात जाऊन एकटाच रडला. पण झाले ते सगळेच भरून आले नाही. काही तसेच राहिले.

धाकटी पहिल्या हाकेला उठत नसे. हाक तिला ऐकू येई. हातातले काम थांबे, मान वर होई. पण ती उठत नसे, दुसऱ्या हाकेची वाट पाहत राही. पहिली हाक आपल्यालाच आहे, याची तिला कधी पुरती खात्री वाटली नाही. ती मोठी झाली, सासरी गेली. तिथे सून जरा कानाने कमी आहे असा समज झाला, आणि तिने तो खोडला नाही.

आईला ठाऊक होते. पुढे आई म्हातारी झाली. दम पुरेना, आवाज विझत आला. तरी मुलगी माहेरी आली, की तिला एकदाच हाक मारून आई कधी थांबली नाही. ती दोनदा हाक मारी, आणि दोन्ही वेळा धाकटे म्हणूनच.

गेलेल्याला मनात ठेवावे. हाक मात्र उरलेल्याला मारावी, आणि ती त्याच्या नावाने मारावी.